‘कमळ’चं बूच

रेवदंडा
३ फेब्रुवारी २०२५

चि. अनुयास,

आशीर्वाद आहेत, पण ते शेवटी. आधी भांडण.

तुझ्या होडीला फोड आले आहेत. ‘तुझ्या’ अशासाठी म्हणते, की ती तू बांधलीस, तुझ्या आईचं नाव तिला तू दिलंस, आणि आठ वर्षांपूर्वी ‘कमळ’ टेम्पोतून उतरवताना याच अंगणात उभी राहून तू म्हणालीस, “आत्या, लाकडी होडीसारखी दरवर्षी डागडुजी नको हिला. फायबर आहे, आपल्यानंतरही राहील.” पोस्टाच्या काउंटरवर बसून मी एवढं शिकले, की जी वस्तू आपल्यानंतरही राहील असं देणारा सांगतो, ती हमखास आपल्याआधी जाते.

काल खोपीत जाऊन मी स्वतः मोजले. खडू घेऊन एकेका फोडाभोवती गोल काढला, नाही तर एकच फोड दोनदा मोजला जातो. एक्केचाळीस. काही हरभऱ्याएवढे, काही सुपारीएवढे, एक लिंबाएवढा. शिवाय खाली कण्याला वाळूवरून ओढून ओढून इतकी झीज झाली आहे, की आतलं जाळं दिसतं. जुन्या पायजम्याच्या गुडघ्यासारखं. सदूला बोलावलं, इथे फायबरची कामं तोच करतो. त्याने स्क्रूड्रायव्हरने एक फोड टोचला, तर पिचकारी उडाली ती थेट माझ्या चष्म्यावर. आंबूस, व्हिनेगरसारखा वास. “बाई, जरा मागं उभ्या ऱ्हावा,” हे त्याने चष्मा पुसून झाल्यावर सांगितलं.

होडी गेल्या मार्चपासून पाण्यात गेलेली नाही. ठोकळ्यांवर बसून आहे. मग फोडांत पाणी आलं कुठून? हे मला बांधणारणीने सांगावं.

३० एप्रिलला अक्षय्य तृतीया. दादांना ऐंशी पूर्ण होतील. त्या दिवशी तू यायचं आणि बापलेकीने होडीतून समोर कोर्लईला जाऊन यायचं, हे तुमचं ठरलेलं. दादा रोज विचारतात, “होडी कधी उतरवायची?” मी काय सांगू? तिला कांजिण्या आल्यात म्हणून?

एकतीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईला पत्राचं उत्तर पत्रानेच लागतं. फोन करू नकोस. फोन दादांच्या खुर्चीशेजारी असतो, मला मोकळेपणी बोलता येत नाही.

दादा मजेत आहेत.

आता घे आशीर्वाद.
नलूआत्या


वास्को, गोवा
१२ फेब्रुवारी

ती. नलूआत्यास,

नमस्कार. भांडण पोचलं. वाचताना हसू आलं, मग हसू आलं नाही.

चूक माझीच असणार. ‘कमळ’च्या आधी मी दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं होतं. अख्खी होडी स्वतःच्या हाताने घालायची ती पहिलीच वेळ. बाबा इथे आले होते तेव्हा ती आम्ही दोघांनी जुलैत घातली, हवेत ओल असताना. मी काचेच्या धाग्यांची मॅट पसरून रेझिन लावायची, बाबा वरून रोलर फिरवायचे. मॅटखाली हवेचा बुडबुडा राहिला की त्यावर बोट ठेवायचे, “अनू, हा बघ, हा लपलाय.” त्यांच्या बोटाला दिसायचे, मला डोळ्यांनी दिसत नसत. पण एखादा दोघांच्याही हातून लपला असेल. रेझिन नीट पिकलं नसेल. तसं असलं की त्यात हळूहळू पाणी भिनतं आणि काही वर्षांनी फोड उठतात.

सदूला सांग, सगळे फोड उघड. डोळ्यांना चष्मा लाव म्हणावं, तो रस आम्ल असतो. फोड जिथवर पोकळ असेल तिथवर घासायचं, टणक अंग लागेपर्यंत. मग आतला आंबटपणा जाईपर्यंत धुवायचं, पुसायचं, आणि नुसतं वाळू द्यायचं. किमान चार आठवडे. खोपीच्या दोन्ही बाजूंची झापं काढा, वारा आरपार जाऊ दे. वाळलं की नाही हे असं बघ: तळहाताएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा होडीला लाव, चारही कडा चिकटपट्टीने बंद कर. दुसऱ्या दिवशी आतून दहिवर आलं, तर होडी अजून ओली. घाई करू देऊ नकोस. ओल्यावर काही धरत नाही, आत्या. वरून पुट्टी आणि रंग मारून गोरी केली तरी फोड परत येतात. कण्याची झीजही वाळल्यावरच भरायची.

एक विचारते, रागावू नकोस. मागच्या बाजूला तळाशी रबरी बूच आहे, ते काढून ठेवलंय ना? आत पाणी साचत नाही ना?

आणि बाबा माझ्यावर रागावलेत का? परवा फोनवर चार वेळा “जेवलीस का” विचारलं आणि ठेवून दिला. होडीचं मनाला लागलं असेल, मला बोलून दाखवत नसतील.

तुझी,
अनुया


रेवदंडा
३ मार्च

चि. अनुयास आशीर्वाद.

तुझ्या सूचना सदूला वाचून दाखवल्या. दोनदा. तो म्हणाला, “ताईंना सांगा, सदूनं चाळीस होड्या केल्यात.” मी म्हटलं, “ताईंनी चारशे केल्यात, आणि त्यांनाही फोड आलाय, तेव्हा तू गुमान चष्मा लाव.” लावला. आता तो चष्मा लावूनच बाजारात जातो, त्याला तो शोभतो असं येसूबाईने त्याला सांगितलं आहे. येसूबाई आमच्याकडे भांडी घासायला येते की सदूचं मन राखायला, हे मला बावीस वर्षांत कळलेलं नाही.

फोड उघडले, घासले, धुतले. खोपीची झापं काढली. प्लास्टिकचे चौकोन लावले. पहिल्या दिवशी दहिवर. आठ दिवसांनी दहिवर. काल पुन्हा लावले, आज सकाळी पाहते तर आतून घामाने डबडबलेले. बाहेर इतकं ऊन, की पापड दोन तासांत कडकडीत होतात. तुझी होडी वाळत नाही.

नवे फोड आले आहेत. आता एकूण सदुसष्ट. आणि एक चमत्कारिक गोष्ट. गोल काढून मागे सरले, तर वरचे सगळे गोल एका ओळीत. शाळेत आमच्या सिस्टर वहीत पट्टीने समास आखायला लावत, अगदी तशी रेघ. कण्यापासून वीतभर उंचीवर. त्या रेघेच्या वर एकही फोड नाही. तुझं रेझिन खाली नासकं आणि वर चांगलं होतं की काय?

बूच काढलं आहे का, हे तू मला विचारलंस. मला! काढलेलं आहे.

दादा रागावलेले नाहीत. मुलगी जेवली का, हे बापाने विचारू नये की काय?

नलूआत्या


वास्को
११ मार्च

ती. नलूआत्यास,

नमस्कार.

तुझी ती रेघ वाचली आणि हातातलं काम ठेवून आमच्या होड्यांच्या यार्डाच्या बाहेर जाऊन बसले.

आत्या, ती पाण्याची रेघ आहे. बाहेरच्या पाण्याची असूच शकत नाही, होडी वर्षभर ठोकळ्यांवर आहे. ते पाणी आत आहे. कोणीतरी ‘कमळ’ आतून भरतंय, वीतभर, आणि बरेच महिने भरतंय. तेही गोड्या पाण्याने. फायबरला समुद्राचं पाणी परवडतं, गोडं पाणी जास्त भिनतं. आतून भिनत भिनत ते बाहेरच्या कातडीपर्यंत आलंय. सदू बाहेरून घासतोय आणि आतून कोणी पाणी ओततंय, तर ती सात जन्मांत वाळणार नाही.

येसूबाई झापं विणायला झावळ्या होडीत भिजत घालते का? तिला सांग, डोण आहे, टाकी आहे, होडी कशाला? की सदूच तिथे हत्यारं धुतो आणि पाणी तसंच सोडतो? बूच काढलेलं असेल तर पाणी राहतंच कसं? तू लिहिलंस, “काढलेलं आहे.” तू खोटं बोलत नाहीस. पण तुझं ते वाक्य फार छोटं आहे. इतकं छोटं वाक्य तू कधी लिहीत नाहीस.

अजून सात आठवडे आहेत. आज पाणी थांबलं, तर एप्रिलच्या उन्हात होडी वाळेल, शेवटच्या आठवड्यात मी येऊन स्वतः फोड भरीन, कणा भरीन, आणि तीसला कोर्लई. मला एवढंच हवंय. गेल्या वर्षी बाबा म्हणाले होते, “ऐंशीला एकदा तुझ्याबरोबर समोर जाऊन येतो, मग होडी तुझी.”

खरं काय ते सांग.

अनुया


रेवदंडा
६ एप्रिल

चि. अनुया,

उत्तराला सव्वीस दिवस लागले. पोस्टाचा दोष नाही.

येसूबाईला बोल लावू नकोस, सदूलाही. होडी दादा भरतात.

तुझ्या आजोबांची, आबांची, लाकडी होडी तू पाहिलेली नाहीस. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात ती याच खोपीत असायची. लाकडाच्या फळ्या सुकल्या की त्यांच्यामध्ये फटी पडतात, म्हणून तिला रोज पाणी पाजायचं. आत बादल्या ओतायच्या, आधी फटींतून सगळं गळून जायचं, मग फळ्या फुगायच्या, फटी मिटायच्या आणि पाणी आत ठरायचं. ठरलं की होडी उतरवायला तयार. हे काम आबांनी दादांना दिलं होतं. दादा तेव्हा बारा वर्षांचे. आता पुन्हा बारा वर्षांचे आहेत. दिवसभर नसतात, पण सकाळी उठल्यापासून चहापर्यंत असतात.

गेल्या गणपतीनंतर हे सुरू झालं. तुला कळवलं नाही. पोस्टात शिक्का पडल्याशिवाय पत्र निघालं असं धरत नाहीत. मी शिक्का मारत नव्हते, एवढंच.

थांबवायचा प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. बादली लपवली, तर ते देवघरातला तांब्या घेऊन निघाले. खोपीच्या दाराला कुलूप लावलं, तर सकाळभर दाराला हात लावून उभे राहिले, जेवलेही नाहीत. होडीत आतून ताडपत्री अंथरली, म्हणजे पाणी फायबरला लागणार नाही. त्यांनी ती काढून नीट घडी घालून माझ्या हातात दिली. “हे घातल्यावर ती पिणार कशी?” सदूने एक मोडकी लाकडी होडी कुठूनशी आणून शेजारी ठेवली, म्हणाला, “दादा, हिला पाजा की.” दादांनी तिच्याकडे पाहिलं. “ही कोणाची? ज्याची त्याला देऊन ये.” आणि आपल्या होडीकडे वळले.

आता बुचाचं. तीन मार्चला “काढलेलं आहे” असं मी लिहिलं तेव्हा ते लावलेलं होतं. पत्र पेटीत टाकून घरी आले आणि काढलं, निदान तारखेपुरतं तरी खरं व्हावं म्हणून. सिस्टर म्हणायच्या, अर्धं खरं हे आख्खं खोटं. त्यांना ऐंशी वर्षांचा भाऊ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी ओतायला सुरुवात केली. पाणी मागून वाहून जात होतं. ते वाकून बघत, मान हलवत, पुन्हा बादली. “नलू, फटी फार पडल्यात या खेपेला. आबा रागावतील.” मी म्हटलं, दमतील आणि सोडतील. नऊला चहा ठेवला, तो गार झाला. दहा वाजले. अकरा. डोण रिकामी झाली, तर विहिरीवर रहाट ओढायला गेले. बारा वर्षांच्या मुलाला थकवा कळत नाही, अनुया, पण हात ऐंशी वर्षांचे होते. अर्धी बादली पायावर सांडत होती. दीड वाजता मी अंगणात जाऊन ओरडले, “दादा, बास करा! पुरे झालं!”

तर माझ्याकडे बघून किती समजुतीने म्हणाले, “पिऊन होऊ दे गं. अर्धवट ठेवली तर मधेच पाणी भरेल. तुला पोहता येत नाही.”

मी गेले, होडीच्या मागे वाळूत बसले, आणि बूच माझ्या हाताने लावलं.

अर्ध्या तासात पाणी वीतभर चढलं. दादांनी बादली पालथी घातली, हात पुसले आणि जेवायला आले. दोन वेळा भात मागून घेतला.

तेव्हापासून बूच लावलेलंच आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी पुन्हा काढावं म्हणून खोपीत गेले होते. हात तिथवर नेला आणि परत आले. तेवढ्यानेही दादांचं भागत नाही. कण्याच्या झिजलेल्या जागेतून थेंब थेंब झिरपतं. खालची वाळू ओली दिसली की त्यांना वाटतं अजून फट आहे. मग दुपारी उठतात, तिन्हीसांजेला उठतात. चहाचा कप रोज गार होतो आणि मी रोज नवा करते.

फोड एकशे चार. कोर्लईचं आता मनात धरू नकोस. तुझ्या रेझिनला जे जे बोलले ते सगळं मागे घेते. लेखी.

आणखी एक, ते मला तोंडाने कधी सांगता आलं नसतं. दादा मला ओळखतात. फोनवर तुला ओळखतात की नाही, याची मला खात्री नाही. “जेवलीस का” हे कोणालाही विचारता येतं.

नलूआत्या


वास्को
१४ एप्रिल

आत्या,

मी गणपतीनंतर दर रविवारी फोन केला. दर रविवारी वाटलं, रागावलेत. रागावलेलं बरं होतं.

सदूला काम थांबवायला सांग. फोड घासू नका आता, उगाच धूळ. बूच लावलेलं राहू दे. त्यांना ओतू दे. एवढीच विनवणी आहे, विहिरीवर जाऊ देऊ नकोस, डोण भरलेली ठेव.

मी इथे दुसऱ्यांच्या होड्या वाळवते. त्यांना यंत्र लावून ओल मोजते, कागदावर आकडा लिहून सही करते. घरच्या होडीसाठी मला काही सुचत नाही. दोन दिवस विचार केला. सुचत नाही.

२९ ला संध्याकाळी पोचते. २ ला सकाळी निघावं लागेल. हत्यारांची पेटी घेऊन येतेय. का, ते विचारू नकोस.

अनुया


रेवदंडा
८ मे

चि. अनुयास अनेक आशीर्वाद. या खेपेला आधीच.

तू पोचल्याचं कळलं. तू इथून जाताना आपण दोघी धड बोललो नाही. रिक्षावाला घाई करत होता आणि मी त्यालाच फाडून खाल्लं. त्याची चूक नव्हती.

तीसला सकाळी मी स्वयंपाकघरातून बघत होते. आमरसाला चाळण धरली होती आणि चाळणीकडे लक्ष नव्हतं. दादांनी तुला विचारलं, “कुठल्या तुम्ही?” तू म्हणालीस, “गोव्याहून आले. होड्यांचं काम करते.” “बरं झालं. आबांनी पाठवलं?” तू म्हणालीस, “हो.” मी चाळण खाली ठेवली. मग त्यांनी तुझ्या हातात बादली दिली आणि शिकवलं, एकदम ओतायचं नाही, कडेकडेने सोडायचं, नाही तर दचकते. तू सोडलंस, कडेकडेने. आपल्या हाताने आपली होडी नासवत होतीस आणि “असं का? असं का?” विचारत होतीस. दादा इतके खूश होते, की वाढदिवस आहे हे त्यांना सांगायचं मी विसरले.

तू गेल्यावर चार दिवस मी खोपीत गेले नाही. परवा गेले. खालची वाळू कोरडी होती. वाटलं, दादांनी ओतायचं सोडलं. आत डोकावले, तर पाणी वीतभर, स्वच्छ. मग वाकले. वाकणं आता मला सोपं नाही, येसूबाईला हात द्यावा लागला. कण्याची झीज भरलेली. बुचाच्या जागी बूचच नाही, ती जागा बाहेरून लिंपून एकसारखी केलेली. मी एक तारखेला बाजारात पापलेट आणायला गेले आणि दादा झोपले, तेवढ्या वेळात तू हे केलंस तर.

सदूला बोलावून विचारलं. तो म्हणाला, “ताईंनी बुडत्या होड्यांना लावत्यात ती पुट्टी लावलीय, बाई. ती ओल्यावर बसती. महाग असती.” मग होडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, “पन आता ही होडी न्हाय. टाकी झाली.” मी त्याला चहा न देता वाटेला लावला. मग येसूबाईला मागे पाठवून बोलावला आणि चहा दिला. त्याचं काय चुकलं? खरंच बोलला.

ओल्यावर काही धरत नाही, असं तू मला लिहिलं होतंस.

काल सकाळी दादा बादली घेऊन खोपीत गेले. मी मागोमाग. त्यांनी वाळू पाहिली. गुडघ्यावर बसले, कण्याखाली हात घातला आणि तू भरलेल्या जागेवरून बोट फिरवत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. पुन्हा उलटं. म्हटलं, आता काय सापडतंय यांना. तर मला म्हणाले, “नलू, त्या मुलीचा हात बघ. एक बुडबुडा लपलेला नाही. आबांना सांग, तिला कामाला ठेवून घेऊ.”

“सांगते,” म्हटलं.

मग भरलेली बादली तशीच उचलून त्यांनी डोणीपाशी नेऊन ठेवली. “प्यायलीय ती. आता नको.” आणि नऊ वाजता चहाला आले. कप तोंडाला लावला, दचकले, खाली ठेवला आणि माझ्यावर खेकसले, “किती गरम करतेस!”

फोडांचं लिहायचं राहिलं. सवाशेपर्यंत मोजले. मग खडू ठेवून दिला.

नलूआत्या